घरची फिरंग

तलवार म्हटली की डोळ्यांपुढे पाते उभे राहते. त्याची लकाकी, त्याची धार, त्याचे वळण. मूठ सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या म्हणींनी म्यानाची दखल घेतली, पण मुठीची घेतली नाही. सव्वा लाखाची जी झाकली मूठ, ती हाताची, तलवारीची नव्हे. ज्याने स्वतःच्या हाताने कधी तलवार जोडली नाही त्याचे लक्ष पात्यावरच जावे यात नवल नाही. जोडू लागल्यावर मात्र ध्यानात येते की पाते हे तलवारीचे अर्धे काम होय, आणि तेही त्यातल्या त्यात सोपे अर्धे. खरी कसोटी लागते ती पाते जेथे मुठीत शिरते, त्या चार बोटांच्या जागेची.

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांस मिळवली आणि त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईस पोहोचली. ही तलवार नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची. वृत्तपत्रांनी तिच्या परत येण्याचे रसभरित वर्णन केले आणि ते योग्यच झाले. पण आमचे लक्ष वेधले ते पात्यावरील लेखाने. सोन्याच्या देवनागरी अक्षरांत तेथे रघूजींचे नाव आहे, सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब आहे, आणि अखेरीस एकच शब्द आहे : फिरंग. सेनासाहेबसुभ्यांच्या तलवारीने आपल्या परदेशी जन्माची कबुली अशी सुवर्णाक्षरांत द्यावी, हे आम्हांला मोठे लोभस वाटले.

फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातून आलेले लांब, सरळ पाते. जर्मनीतील सोलिंगेन, तसेच इटली आणि स्पेन येथील कारागिरांनी घडवलेली अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनेत येत. घोड्यावरून वार करणाऱ्यास त्यांची लांबी उपयोगी पडे, म्हणून मराठ्यांनी ती आवडीने घेतली. मात्र युरोपातून आले ते पाते. मूठ आली नाही. मूठ येथील हातांना, येथील मनगटांना मानवेल अशी येथेच घडवली गेली आणि येथेच पात्यावर चढवली गेली. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजास गेलेली, आणि आज तेथील राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' तलवारही युरोपीय पात्याचीच. तंजावरच्या कट्यारी पाहाव्यात, तर त्यांतल्या कित्येकींना जुन्या युरोपीय तलवारींच्या पात्यांचे तुकडे बसवलेले आढळतात. तेव्हा परमुलखातील पाते आणि घरची मूठ यांची सोयरीक ही आपल्याकडे अपवादाची नव्हे, रीतीचीच गोष्ट होती.

बालाघाटातील आम्हां मराठी मंडळींस रघूजींच्या तलवारीचा आनंद इतरांपेक्षा किंचित अधिक झाला, त्यास कारण आहे. लांजीचा किल्ला आणि हे वैनगंगेचे खोरे भोसल्यांच्याच अमलाखाली होते. इंग्रजांनी १८६७ मध्ये बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा केला तोही नागपूर विभागातच ठेवला. पुढे १९५६ मध्ये राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर एकीकडे गेले, आम्ही दुसरीकडे राहिलो. गोंदिया येथून चाळीसेक किलोमीटर. लग्नाचा बस्ता तेथे, सोयरिकी तेथे, आणि कचेरीचे कागद मात्र भोपाळच्या दिशेने. असो. सांगायचे ते एवढेच, की गणेशोत्सवात येथील मराठी घरांतील मुले एखादा ऐतिहासिक प्रवेश बसवतात तेव्हा त्यांना भोसल्यांचे सरदार व्हावेसे वाटते, आणि सरदारास तलवार लागते.

पूर्वी या तलवारी लाकडाच्या असत. पातळ फळी कापायची, तीवर रुपेरी बेगड चिकटवायचा, मुठीस सोनेरी. 'बेगडी' या शब्दाचा अर्थ त्या मुलांना वेगळा शिकवावा लागत नसे. दुसऱ्या प्रयोगापर्यंत बेगडाच्या झिरमिळ्या लोंबू लागत; परंतु त्या तलवारींनी कोणास इजा केल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुढे घरबसल्या मागवता येणाऱ्या, धातूच्या शोभेच्या तलवारी आल्या. त्या मुलांच्या डोळ्यांत भरल्या यात त्यांचा दोष नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या तालमीत सतरा वर्षांच्या एका मुलाने वार अडवण्याचा अभिनय करताना हात जोराने फिरवला आणि पाते मुठीतून निघून सतरंजीवर बसलेल्या लहान मुलांवरून गेले. भिंतीवर आदळले, हातभर पोपडा उडाला, आणि खाली पडले. कोणास लागले नाही. काही क्षण कोणी बोललेही नाही. आम्ही ते पाते उचलून पाहिले. अडीच फुटांच्या पात्याच्या मागे शिसपेन्सिलीहून बारीक अशी सळई डाक देऊन चिकटवलेली होती आणि डाकेच्या जागीच ती तुटली होती. मूठ मात्र मोठी डौलदार, वर सिंहाचे तोंड, डोळ्यांत तांबडे खडे. विकणाऱ्याचे नाव सांगून त्याची आणखी प्रसिद्धी करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

मुलांच्या आयांनी त्याच रात्री ठरवून टाकले की यापुढे तलवार नको. एका आजींनी बजावले, "दसऱ्याला आपण विळी-कात्री पुजतो, तेवढं शस्त्र घरात पुरे आहे." मुलांचे म्हणणे असे की पुन्हा लाकडाच्या फळ्या घेऊन उभे राहिलो तर शाळेतली पोरे हसतील. दोन्ही बाजूंत तथ्य होते. तेव्हा आम्ही मध्ये पडून शब्द टाकला की वर्षभराची मुदत द्यावी. धार नसलेली, टोक नसलेली, परंतु जोडणीने अस्सल अशी तलवार घरीच करून दाखवू, आणि ती ज्येष्ठ मंडळींच्या कसोटीस उतरली तरच रंगमंचावर जाईल. आजींनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे आम्ही विचारले नाही.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण हा अंक तरुण मुलेही वाचतात. धारदार तलवार ही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येणारी वस्तू आहे. त्याखालील २०१६ च्या नियमांत तलवारी व कट्यारी यांचा, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या अशाच इतर शस्त्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. घरकामाची, शेतीची व कारखान्याची हत्यारे तेवढी वगळली आहेत. हौस म्हणून धारेची तलवार घडवणे हा घरगुती छंद नव्हे. आमची वस्तू नाटकाची, बोथट, पाणी न दिलेली. तरीही काम आरंभण्यापूर्वी आम्ही ठाण्यात जाऊन काय करणार, कशासाठी आणि कोठे ठेवणार हे लेखी कळवले. मिरवणुकीत तलवारी नाचवण्याची जी नवी हौस जिकडे तिकडे दिसते, तिच्याशी आमच्या या खटाटोपाचा संबंध नाही आणि कोणी जोडू नये.

भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या गल्लीत राहतात. घरी पोवारी बोलतात, आमच्याशी मराठी, आणि लोखंडाशी हिंदी. आम्ही त्यांना मिस्त्रीजी म्हणतो. आम्ही शाळेत शिकवत होतो म्हणून ते आम्हांला गुरुजी म्हणतात. बेत ऐकून त्यांनी एकच प्रश्न केला.

"गुरुजी, ही मारायची का दाखवायची?"

"दाखवायची."

"मग पाणी नाही द्यायचं."

पाणी देणे म्हणजे पोलाद लालभडक तापवून तेलात वा पाण्यात विझवणे. त्याने पाते कठीण होते आणि धार टिकते. परंतु नंतर बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढला नाही तर आघाताने ते काचेसारखे तुटते. साधी मऊ लोखंडी पट्टी तुटत नाही, वाकते. वाकलेली तलवार प्रवेश संपल्यावर गुडघ्यावर दाबून सरळ करता येते. तालमीत जे घडले ते पाहिलेल्या आम्हांस यापुढे आणखी स्पष्टीकरण नको होते.

लोखंडाच्या दुकानातून ३२ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड आणि तीन फूट लांब अशी पट्टी आणली. काट्यावर ती साडेअकराशे ग्रॅमच्या आसपास भरली. दुकानातील पट्टी विकत घेताना थोडी चुटपुट लागली, हे खरे. कारण या जिल्ह्याच्या बैहरकडील डोंगरांत आणि पलीकडे मंडल्याच्या मैकल रांगांत अगरिया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे लोखंड गाळले आहे. मातीची कंबरेएवढीही नसलेली भट्टी, लाकडी कोळसा, आणि पायांनी दाबायचे चामड्याचे भाते, एवढ्या सामग्रीवर ते दगडातून लोखंड काढीत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर ही त्यांची दैवते त्यात भेटतात. कारखान्याचे स्वस्त लोखंड आले आणि भट्ट्या विझत गेल्या. त्यांच्या लोखंडाचे फाळ होत, विळे होत, कुऱ्हाडी होत. तसली एखादी पट्टी मिळती तर आमची तलवार पात्यापासून मुठीपर्यंत याच मातीची झाली असती. ते होणे नव्हते. पण पाते बाहेरचे असले म्हणून फिरंगेचे काही बिघडत नाही, असे म्हणून आम्ही कामाला लागलो.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पूर्ण आकाराचा आराखडा काढला. पाते ३० इंच आणि त्यामागे मुठीत शिरणारी साडेतीन इंचांची शेपटी. उरलेला तुकडा कापून टाकला. लोखंडी करवतीने बाह्यरेषा कापल्या आणि मग शेगड्यात, ज्यास येथील मिस्त्री बाँक म्हणतात, पट्टी आवळून कानस हाती घेतली. नवशिक्यांसाठी एवढे सांगतो की कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. मागे येताना ती दाबली तर तिचे दात मरतात आणि काम होत नाही. हातमोजे व डोळ्यांस चष्मा हवा. चौदा संध्याकाळी आम्ही कानस चालवली. शेजाऱ्यांनी दूरदर्शनचा आवाज वाढवला, तक्रार केली नाही.

या कानसकामाचा हेतू धार काढणे हा नव्हताच. कडा सर्वत्र दोन मिलिमीटर जाड ठेवून गोल केल्या, टोक रुपयाच्या नाण्यासारखे वळवले. पाते मुठीपासून टोकाकडे हळूहळू पातळ करत न्यायचे, हा खरा हेतू. पट्टी सर्वत्र सारखी जाड असते तेव्हा तिचा भार टोकाकडे राहतो आणि मनगट दोन मिनिटांत थकते; थकलेला हात तलवार आवरू शकत नाही, आणि रंगमंचावरचे अपघात बहुधा तेथेच होतात. पुढचा अर्धा भाग पाचाचे तीन मिलिमीटर होईपर्यंत घासला तेव्हा पाते सातशे ग्रॅमवर आले. पुढे चारशे ग्रॅमची मूठ चढली. म्हणजे दुकानातून जेवढे लोखंड आणले जवळजवळ तेवढ्याच वजनाची तलवार झाली. फक्त पुढचे वजन मागे आले. मुठीपासून एका वितीवर बोट ठेवले की ती त्यावर तोलून राहते.

पात्यावर लांबवर ज्या पन्हळी असतात त्या हातकामाने नीट साधणार नाहीत म्हणून आम्ही सोडून दिल्या. लोक त्यांना रक्त वाहून जाण्याची नाली म्हणतात. तसे काही नाही. पाते हलके व्हावे आणि तरी ताठ राहावे यासाठी ती युक्ती आहे.

शेपटीच्या बाबतीत मात्र मिस्त्रीजींनी आम्हांस हात लावू दिला नाही. रुंद पाते जेथे अरुंद शेपटीत बदलते तेथे दोन्ही बाजूंस कोपरे पडतात. करवतीने काटकोनात कापले तर प्रत्येक आघाताचा ताण त्या टोकदार कोपऱ्यात साचतो आणि चीर तेथूनच धरते. त्यांनी आधी त्या जागी सहा मिलिमीटरची दोन गोल भोके पाडली आणि मग भोकापर्यंत कापत आले. कोपरा गोल राहिला. शेपटीची रुंदी त्यांनी १८ मिलिमीटर ठेवली. "खाणीत आसाचा गळा असाच ठेवतो," एवढेच ते म्हणाले. शोभेच्या तलवारीतील ती पेन्सिलीएवढी सळई आठवून आम्ही ती रुंदी दोनदा मोजली.

मुठीसाठी एक इंची लोखंडी नळीचा नऊ सेंटिमीटरचा तुकडा शेगड्यात दाबून लंबगोल केला. पुढे आडवी पट्टी, तीत पाते शिरण्यापुरती फट. मागे थाळीसारखी किंचित खोलगट चकती. आणि बोटांच्या रक्षणास पुढून मागे वळवून आणलेली पट्टी, म्हणजे परज. संग्रहालयात वाकड्या तलवारींच्या जुन्या मुठी पाहून पुष्कळांना त्या आखूड वाटतात आणि पूर्वजांचे हात लहान होते असा निष्कर्ष काढला जातो. हात लहान नव्हते. आडवी पट्टी आणि मागची चकती यांमध्ये मूठ घट्ट बसावी, हात सैल राहू नये, अशी ती बांधणी आहे. फिरंगेची मूठ त्या मानाने प्रशस्त असते, आत अस्तर असते, आणि तिला आणखी एक विशेष असतो : मुठीपासून पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या दोन पट्ट्या. त्यांच्या कवेत पाते धरून खिळे ठोकलेले असतात. आम्ही हा विशेष उचलला. सुटे भाग पितळेने झाळून देण्याचे काम बाजारातील एका झाळकाम करणाऱ्याने तासाभरात केले. आम्हांस ते महिन्यातही साधले नसते.

आता लाख. हा या सर्व कामाचा आत्मा होय, आणि सुदैवाने तो आमच्या दारात पिकतो. बालाघाट, शिवनी, मंडला हा सर्व पट्टा लाखेचा. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे बसतात आणि आपल्याभोवती राळेचे कवच करतात. पळस-बोरीवरची ती रंगिनी, कुसुमावरची ती कुसुमी. कुसुमी उजळ आणि मोलाची. हा कीटक एवढ्या महत्त्वाचा मानला गेला की त्याच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून संशोधनसंस्था चालत आली आहे. घरातील स्त्रियांना लाख नवीन नाही. मंगळसूत्राच्या वाट्या पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. नाहीतर त्या पहिल्याच आठवड्यात चेपल्या असत्या. ज्या पदार्थाने सौभाग्यालंकार भरला जातो त्यानेच तलवारीची पोकळ मूठ भरली जाई. हे आम्ही त्या आजींना सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच या कामात रस घेतला आणि आपल्या वाट्या बोटांनी चाचपून पाहिल्या.

वाकड्या तलवारीची जुनी जोडणी पुष्कळदा केवळ लाखेवरच असे. ना खिळा, ना पेच. आखूड शेपटी मुठीच्या पोकळीत, आणि भोवती लाख. नुसती लाख ठिसूळ पडते म्हणून तीत विटेची किंवा दगडाची पूड घालत. आम्ही दोन भाग कुसुमी लाख आणि एक भाग जुन्या विटेची वस्त्रगाळ भुकटी असे प्रमाण धरले. लाख पाऊणशे-ऐंशी अंशांच्या सुमारास वितळते, म्हणून ज्योत तिला थेट लावू नये. ती फेसाळते, जळते आणि मग धरत नाही. मूठ वाळूच्या गरम कढईत उभी केली, तीत मिश्रण थोडे थोडे घालून वितळू दिले. शेपटी वेगळी तापवली, लाल होईपर्यंत नव्हे, लाखेचा कण टेकताच विरघळेल एवढी. मग ती एका दमात आत दाबली आणि ओळंबा लावून मूठ व पाते एका रेषेत येईपर्यंत धरून ठेवली. खोलीभर पोस्टात पार्सलावर मोहोर करतात तेव्हाचा वास दरवळला. हात हलवायला साताठ मिनिटे मिळतात. त्यानंतर तलवार आहे तशीच राहते.

या लाखेच्या सांध्यात एक मौज आहे, आणि आमच्या मते मराठी तलवारीचे सारे चरित्र तीत साठलेले आहे. मूठ पुन्हा तापवली की सांधा सुटतो. पाते मोडले तर दुसरे बसते. मूठ आवडली नाही तर नवी चढते. आजोबांच्या मुठीत नातू नवे पाते घालू शकतो. म्हणून जुन्या तलवारींत शंभर वर्षे आधीचे पाते आणि शंभर वर्षे नंतरची मूठ अशा जोड्या दिसतात. कोणी त्यांस नकली म्हणतात. आम्ही म्हणणार नाही. सोलिंगेनचा लोहार, दख्खनचा मूठ घडवणारा आणि पळसावरून लाख उतरवणारा गोंड यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही, आणि तलवार तर एकच झाली.

तथापि मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूत केवळ लाखेवर विसंबणे मिस्त्रीजींना मान्य नव्हते. बालाघाटच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली वस्तू किती तापते ते त्यांना ठाऊक होते. म्हणून फिरंगेच्या रीतीप्रमाणे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून आणि पात्यातून आरपार पाच मिलिमीटरचे दोन खिळे घालून त्यांची डोकी ठोकून बसवली. लाख हिसका आणि कंप सोसते, खिळे पाते धरून ठेवतात. एकाने दगा दिला तरी दुसरा आहे.

कसोटीचा दिवस ठरला. पाते टोकाकडून शेगड्यात आवळले, मुठीस दोर बांधला आणि त्यास २५ किलो तांदळाची गोणी लटकवून रात्रभर ठेवली. तांदूळ बालाघाटचा सुप्रसिद्ध चिन्नोर होता असे लिहिण्याचा मोह होतो, पण २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला तो तांदूळ अशा कामी टांगण्याएवढा स्वस्त नाही, साधाच होता. सकाळी सांधा केसभरही हलला नव्हता. मग मिस्त्रीजींनी अंगणातल्या चिंचेच्या बुंध्यावर शंभर वार केले, मोजून. पाते एका जागी किंचित वाकले, मूठ जशीच्या तशी. आयांपैकी एकीने पुढे होऊन मूठ पिरगाळून पाहिली, पाते ओढून पाहिले, आणि काही न बोलता तलवार परत दिली.

शेवटचा हात फिरवणे राहिले होते. ८० पासून ४०० पर्यंत क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिशकागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून पाते लांबीच्याच दिशेने घासले. पूर्वी हे शिकलगारांचे काम, आणि त्यांच्या हातची झळाळी कागदाने येत नाही. घासून झाल्यावर तिळाच्या तेलाचा पातळ हात दिला. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तो द्यावाच लागतो. म्यान शेवरीच्या हलक्या लाकडाच्या दोन फळ्या कोरून केले आणि वर जुन्या शालूच्या अस्तराचा लाल कपडा चढवला.

अनेक वाचकांच्या घरी, मग ते इंदुरास असोत, बडोद्यास असोत वा तंजावरास, माळ्यावर एखादी खरी जुनी तलवार असेल आणि हे वाचून तिच्यावर हात चालवण्याची इच्छा होईल. कृपा करून तसे करू नये. पॉलिशकागदाच्या चार फेऱ्यांत पात्यावरची अक्षरे आणि सोन्याचे काम कायमचे जाते. सैल मूठ घरच्या शेगडीवर तापवली तर आतली जुनी लाख जळते आणि तिच्यासोबत ती जोडणी कोणी, कशी केली याचा पुरावाही जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तेलाचा हात द्यावा आणि जाणत्या संग्रहालयास दाखवावी. रघूजींच्या तलवारीवरील 'फिरंग' हा शब्द आज वाचता येतो, तो कोणी त्यावर कागद घासला नाही म्हणून.

गेल्या गणेशोत्सवात आमची तलवार रंगमंचावर गेली. एक उणीव तेवढी राहिली. चित्रपटात ऐकू येतो तसा खणखणाट तिच्यातून निघत नाही. आत भरलेली लाख आवाज खाते. शेवटी पडद्याआड एका मुलाने घंगाळावर उलथने वाजवून ती उणीव भरून काढली, आणि प्रेक्षकांना ते कळले नाही. दुसरी अडचण अशी की द्वंद्वास तलवारी दोन लागतात. समोरच्या सरदाराच्या हाती बेगडीच होती, आणि तिसऱ्या वाराला तिचे दोन तुकडे झाले. सरदाराने प्रसंगावधान राखून तेथेच शरणागती पत्करली. संहितेत ती दोन पाने पुढे होती.

म्हणून दुसरी पट्टी आणून ठेवली आहे. यंदा कानस मुलेच चालवत आहेत. त्यांत मिस्त्रीजींची अकरावीतली नात आहे आणि तिचा हात आमच्यापेक्षा सरळ चालतो. कुसुमी लाख मात्र शिळी नको, नव्या पिकाचीच हवी, असे मिस्त्रीजींनी बजावले आहे. अघनी पीक पौष-माघाच्या सुमारास उतरेल. तोवर पाते तयार व्हावे असा बेत आहे.